बीबी का मकबरा कोणी बांधला, लोणार किती जुनं? उत्तरसूचीवर हरकत घेणाऱ्यांसाठी

ताई, 'उत्तरसूची अंतिम आहे' हा शेरा वाचला आणि लिहायला बसलो. तालुका सामान्यज्ञान स्पर्धेत 'बीबी का मकबरा कोणी बांधला?' असा प्रश्न आला, तुमच्या विद्यार्थ्याने 'आझमशहा' लिहिलं, सूचीत 'औरंगजेब' होतं आणि तुमची लेखी हरकत त्या एका शेऱ्यासह परत आली. आता वरच्या कार्यालयात जावं की सोडून द्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी परभणी जिल्ह्यात बरीच वर्षं शाळांच्या प्रश्नमंजूषा घेतल्या, मुलं तयार केली. हा शेरा मलाही मिळालेला आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो, रागावू नका. तुमची हरकत बरोबर आहे, पण तुम्ही ती चुकीच्या बाजूने मांडली आहे. मकबरा आझमशहाने आईसाठी बांधला असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं आहे, त्यामुळे मुलाने जे लिहिलं ते वाचून लिहिलं. पण तारखा बघा. आझमशहाचा जन्म 1653 चा. त्याची आई दिलरस बानू बेगम वारली 1657 मध्ये, म्हणजे तेव्हा तो चार वर्षांचा होता. बांधकामाचं साल 1660-61 च्या आसपासचं धरलं, तर सात-आठ वर्षांचं पोर एवढी वास्तू उभी करतंय असं म्हणावं लागतं. म्हणून काहीजण श्रेय औरंगजेबाला देतात, काहीजण मुलाला. मुख्य प्रवेशद्वारावरच्या लेखात तर अताउल्ला हा वास्तुरचनाकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी नावं येतात. मग 'कोणी बांधला'चं उत्तर नेमकं काय धरायचं? हुकूम देणारा, पैसा देणारा की आराखडा करणारा? 'आमचंच उत्तर खरं' असं लिहाल, तर समोरचा दुसरं पुस्तक उघडून दाखवेल. 'या प्रश्नाला एकच उत्तर निघत नाही, म्हणून प्रश्न रद्द करून सगळ्यांना गुण द्या' असं लिहा. हाच प्रश्न 'मकबरा कोणाच्या स्मरणार्थ?' असा विचारला असता, तर भांडणच उरलं नसतं.

प्रश्न कसे काढायचे, फेऱ्या कशा लावायच्या, हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात शिरत नाही. ज्या प्रकरणाने माझी सगळ्यात जास्त दमछाक केली, तेवढं सांगतो.

विभागीय फेरीच्या आधीची चाचणी होती. प्रश्न होता, 'लोणार सरोवर किती वर्षांपूर्वी तयार झाले?' (लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. पण आमच्या जिंतूरकडच्या शाळांच्या सहली तिथेच जातात, म्हणून मुलांना ते आपलंच वाटतं.) सूचीत उत्तर होतं 52 हजार वर्षे. आमच्या एका मुलीने लिहिलं होतं, 'जुन्या मोजणीनुसार सुमारे 52 हजार, नव्या मोजणीनुसार सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे.' तिला शून्य मिळालं. समासात लाल शाईत लिहिलं होतं, 'दोन उत्तरे ग्राह्य नाहीत.'

त्या पोरीने जे लिहिलं, ते पूर्ण बरोबर होतं. उल्का आदळते तेव्हा प्रचंड उष्णतेने खडक वितळतो आणि त्याची काच होते. तापल्यावर खनिजात साठलेली ऊर्जा निघून जाते आणि पुढे हळूहळू पुन्हा साठत राहते. ती किती साठली हे प्रकाशाच्या रूपात मोजून 52 हजारांचा आकडा आला होता. पुढे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच वितळलेल्या खडकातल्या आरगॉन वायूवरून मोजणी केली आणि वय निघालं 5 लाख 70 हजार, 47 हजार इकडे-तिकडे. एकदम दहापटीहून जास्त. लोणारचा बेसाल्ट मुळात साडेसहा कोटी वर्षांचा. आघातात तो पुरता वितळला नाही, तर जुना आरगॉन आत अडकून राहतो आणि वय फुगलेलं दिसू शकतं, त्यामुळे हे काम किचकट आहे. पण 52 हजार हा शेवटचा शब्द नाही, हे नक्की. त्या मुलीने वर्तमानपत्राचं कात्रण वहीत चिकटवून ठेवलं होतं, शेजारी तारीखही लिहिली होती.

आम्ही हरकत घेतली. अर्ज, कात्रणाची प्रत, मुख्याध्यापकांची सही, सगळं रीतसर. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथे आधी आवक क्रमांकच मिळेना. 'टपालात टाकून जा, सर.' मग 'साहेब मीटिंगला गेलेत.' मग 'वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलंय.' मार्गदर्शन कोणाकडे मागवलं, कोणत्या पत्राने, विचारलं तर कोणाला सांगता येईना. एका बाबूंनी तर खुर्ची पुढे करून समजूत घातली, 'सर, एका गुणासाठी कशाला एवढं मनावर घ्यायलात? लेकरू हाय, विसरून जाईल.' विभागीय फेरी होऊन गेल्यावर उत्तर आलं: 'उत्तरसूची तज्ज्ञांनी तयार केली असून अंतिम आहे.' तज्ज्ञ कोण, संदर्भ कोणता, एक शब्द नाही. जोडलेलं कात्रण फाईलमधून गहाळ.

ती मुलगी एका गुणाने राहिली. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. पुढच्या वर्षी तिने मला विचारलं, 'सर, खरं लिहू का सूचीतलं लिहू?' आठवीतल्या पोरीला असं विचारावं लागतं, हा त्या कार्यालयाचा दोष आहे आणि मी तो आजही माफ केलेला नाही. चूक सूचीत होऊ शकते, माणसांनीच काढलेली असते. पण चूक दाखवल्यावर पान उलटूनही बघायचं नाही, याला काय म्हणावं?

असो. आता तुमच्या कामाचं बोलतो. नियम स्पर्धेगणिक वेगळे असतात आणि मी काही कायद्याचा माणूस नाही, तेव्हा आधी तुमची नियमावली काढून हरकतीची मुदत बघा. मुदतीत असाल तर हातोहात द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. शिक्का, तारीख, सही. आमचं तिथेच घोडं अडलं होतं. मुदत गेली असेल तर माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा, 'या उत्तरासाठी कोणता संदर्भग्रंथ वापरला, त्याची आवृत्ती व पान द्यावे.' दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. त्याने गुण मिळणार नाहीत, खोटी आशा ठेवू नका. पण पुढच्या वर्षी सूची काढणारा पान क्रमांक लिहून ठेवील आणि मला वाटतं तेवढ्यासाठीही ते करावं.

आणि तुमच्या शाळेच्या फळ्यावर रोजची 'नवलाची माहिती' लिहिता म्हणालात, म्हणून थोडं त्याबद्दल. व्हॉट्सॲपवरून आलेलं काहीही तसंच उतरवू नका. चीनची भिंत अवकाशातून दिसते, हे अजून फळ्यांवर आहे. 2003 मध्ये चीनचाच अंतराळवीर यांग लिवेई परत येऊन म्हणाला की मला ती दिसली नाही. शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा, हेही सगळे लिहितात. स्वतःभोवतीची एक फेरी 243 दिवसांची आणि सूर्याभोवतीची 225 ची, म्हणून ते खरं. पण एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत मोजलं तर तिथला दिवस आपल्या 117 दिवसांचा. दिवस कसा मोजला, ते फळ्यावर लिहाच. केळ्याला बेरी म्हणताना आधी 'वनस्पतीशास्त्रानुसार' लिहिलं की पोरं घरी जाऊन आईशी भांडत नाहीत.

'जगातलं पहिलं', 'सर्वात मोठं', 'एकमेव' असे प्रश्न मी पुढे बंदच केले. माझं हे मत सगळ्यांना पटत नाही.

त्यापेक्षा जवळचं घ्या. निन्टेंडो ही व्हिडिओ गेमची कंपनी 1889 मध्ये पत्ते बनवायची, हे मुलांना आवडतंच. पण विप्रोची सुरुवात 1945 मध्ये खानदेशातल्या अमळनेरला वनस्पती तुपाने झाली म्हटल्यावर वर्ग जास्त खुलतो. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि बियाण्यांच्या कामासाठी त्यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याची पोरंसुद्धा हे ऐकून चकित होतात.

आणि हाली सिक्का. निजामाच्या राज्याचं स्वतःचं नाणं होतं, साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचे रुपये. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपल्यानंतरही ते चालूच राहिलं आणि 1959 मध्ये चलनातून गेलं. हे सांगून मुलांना घरी पाठवा. कोणाच्या तरी पणजीच्या डब्यात एखादं नाणं निघतं. दुसऱ्या दिवशी ते वर्गात आलं की त्यावर हिजरी साल कुठे आहे ते मुलं स्वतः शोधतात.

मकबऱ्याच्या हरकतीचा मसुदा इथे टाका. 'आमचे उत्तर बरोबर' हे वाक्य काढून 'प्रश्न संदिग्ध' असं कसं मांडायचं, ते ओळीओळीने सुधारून देतो. कार्यालयाचं आणि मुलाचं नाव तेवढं झाकून टाका.