दाढेपायी गोळ्या बंद करताय? आधी हे वाचा

ताई, तुमच्या मिस्टरांना अटॅक येऊन स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी) बसली, तीन महिने झाले, आता चालायचं किती, खायचं काय, हे वर बऱ्याच जणांनी सांगितलंय. मला धडकी भरली ती तुमच्या शेवटच्या ओळीने. दाढ काढायचीय म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद ठेवायला सांगितल्यात. कोणी सांगितलंय?

मलाही अटॅकनंतर स्टेंट बसलीय. मला चौथ्या महिन्यात असंच सांगितलं ते दातांच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीने. फाइल उघडलीसुद्धा नाही. 'पाच दिवस बंद ठेवा.' हार्टच्या डॉक्टरांना सारखं काय विचारायचं, म्हणून मी फोन केला नाही. दाढ निघाली. गोळ्या परत कधी सुरू करायच्या हे कोणी बोललं नाही, मीही हिरडी भरू दे म्हणत आणखी चार दिवस काढले. नवव्या दिवशी पहाटे छातीवर तोच धोंडा. स्टेंटमध्येच गुठळी. रत्नागिरीहून कोल्हापूर, जुलैचा पाऊस, आंबा घाटात पुढचा ट्रक दिसत नव्हता.

वाचलो, पण हृदयाचं पंपिंग ५० टक्के होतं ते ३५ वर आलं. पहिल्या अटॅकनंतर दोन महिन्यांत मी आगरात शिंपणं करत होतो. आता देवळाची पाखाडी चढताना दोनदा टेकतो.

मी डॉक्टर नाही. पण मला नंतर समजावलं ते असं: अटॅकनंतर स्टेंट बसली की अ‍ॅस्पिरिन आणि जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर साधारण वर्षभर चालतात. एखादी दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढता येते. रक्त जरा जास्त वेळ येतं, ते बोळा दाबून, टाका घालून थांबवतात. घाई नसेल तर दाढ थांबते. ठरवायचं हार्टच्या डॉक्टरांनी, आणि ते लिहून घ्या.

डिस्चार्जचा कागद तीन पानी, सगळा इंग्रजीत, कामाची ओळ तिसऱ्या पानाच्या तळाशी. असो. मी आता पाकिटात मराठीत चिठ्ठी ठेवतो: स्टेंटची तारीख, गोळ्यांची नावं, 'विचारल्याशिवाय बंद करू नये'.

जाता जाता, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची ती सॉर्बिट्रेटची गोळी बसूनच घ्यायला सांगा. मी उभ्याने घेतली आणि खळ्यात आडवा झालो. बांगडा खुशाल खाऊ दे, खारवलेला मात्र नको.

गोळ्या कालपासूनच बंद केल्या असतील तर उद्यावर टाकू नका, हार्टच्या डॉक्टरांना आत्ता फोन लावा.