प्रोस्टेटचा रिपोर्ट हातात आहे, घाई कसली?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझं वय ६८. जिल्हा बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. साखर बारा वर्षांपासून आहे, २०१९ मध्ये हृदयात एक स्टेंट बसवला. रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून दोन वर्षं एक गोळी चालू आहे. यंदा रक्ताच्या तपासणीत पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) ६.९ आला. सोनोग्राफीत प्रोस्टेटची ग्रंथी ५२ ग्रॅम. महिन्यापूर्वी बायोप्सी केली, बारा तुकड्यांपैकी दोनांत कॅन्सर निघाला. ग्लीसन ३+३=६ असं लिहिलंय. दहापैकी सहा म्हणजे निम्म्याच्या वर गेला की हो! पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात रोबोटने ऑपरेशन सांगितलं, आठवड्यात पैसे भरले तर पॅकेजमध्ये सवलत म्हणाले. आजार कुठे पसरलाय का ते बघायला पेट स्कॅनही करायला सांगितलाय. मुलगा म्हणतो लगेच करून टाकू. मुलगी म्हणते शेक (रेडिएशन) घेऊ, चिरफाड नको. मंडळी म्हणतात, कॅन्सर अंगात ठेवून झोप कशी लागेल? माझे मेहुणे याच आजाराने गेले, शेवटचं वर्ष कंबर धरून ओरडत होते. ते डोळ्यांसमोरून जात नाही. काय करू? – नाव छापू नये, कराड

उत्तर : आधी त्या सवलतीचं. आठवड्याची मुदत रुग्णालयाच्या हिशेबाला असेल, तुमच्या आजाराला नाही. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून तरी दोन-तीन महिने विचार करायला घेतले म्हणून काही बिघडणार नाही. आणि शस्त्रक्रिया ठरलीच, तरी बायोप्सीनंतर सहा-आठ आठवडे थांबावंच लागतं, आतली सूज उतरायला हवी.

आता ते ‘दहापैकी सहा’. ही शंका माझ्या दवाखान्यात जवळजवळ प्रत्येकाने काढलेली आहे. ग्लीसनचा आकडा शाळेच्या मार्कांसारखा शून्यापासून सुरू होत नाही. पॅथॉलॉजिस्ट दुर्बिणीखाली पेशींची ठेवण बघतो, जी ठेवण सगळ्यात जास्त दिसते तिला एक आकडा, तिच्या खालोखाल जी दिसते तिला दुसरा, आणि दोघांची बेरीज. बायोप्सीत हल्ली ३ च्या खाली कुणी लिहीत नाही. म्हणजे सहा ही सगळ्यात खालची पायरी. लोकांचा हाच गोंधळ होतो म्हणून २०१४ मध्ये जगभरच्या पॅथॉलॉजिस्टांनी बसून १ ते ५ असे नवे गट केले. तुमचा गट १. रिपोर्टच्या खालच्या ओळीत ‘ग्रेड ग्रुप’ असं काही असेल, शोधा.

मेहुण्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण कंबरेच्या वेदनेवरून अंदाज येतो की त्यांचा आजार हाडात गेल्यावर सापडला असावा. आपल्याकडे बरेच जण तेव्हाच येतात, कारण ‘म्हातारपणी लघवीचं असं व्हायचंच’ म्हणून कुणी दाखवत नाही. त्यांचा रिपोर्ट आणि तुमचा रिपोर्ट यांवर एकच नाव आहे, एवढंच साम्य.

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर ‘प्रोटेक्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला. १९९९ ते २००९ या काळात लवकर सापडलेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं : शस्त्रक्रिया, शेक आणि नुसती नजर ठेवणं. पंधरा वर्षांनंतरचा निकाल २०२३ मध्ये आला. प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले तिन्ही गटांत शंभरी दोन ते तीन. सगळे मिळून ३५६ जण वारले, त्यांतले या आजाराने ४५. बाकीचे हृदय, फुप्फुस, दुसरे कॅन्सर अशा इतर कारणांनी. स्टेंटवाल्या आणि साखरेच्या माणसाने ही ओळ दोनदा वाचावी.

पण हा निकाल एकतर्फी नाही, तेही सांगतो. नजर ठेवलेल्या गटात आजार दूर पसरल्याचं प्रमाण शंभरी नऊच्या वर होतं, इतर दोन गटांत पाचच्या आसपास. शिवाय त्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी पुढे कधी ना कधी उपचार घेतलेच. त्या अभ्यासात ग्लीसन ७ आणि त्यावरचेही पुरुष होते, आणि तेव्हाची पाळत मुख्यतः पीएसएवर होती, आजच्यासारखा एमआरआय हाताशी नव्हता. तिथले लोक तपासणी मोहिमेत सापडलेले, जवळपास सगळे गोरे. तेव्हा तो आकडा जसाच्या तसा कराडला उतरवता येत नाही, दिशा मात्र कळते.

तुम्ही बँकेत होतात. एका हप्त्याला उशीर झाला म्हणून तुम्ही लगेच जप्ती नेत नव्हता, पण ते खातं नजरेआडही होऊ देत नव्हता. पाळत ठेवणं म्हणजे तेच. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा गुदद्वारातून बोटाने तपासणी, साधारण वर्षभराने एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी, नंतर काही वर्षांच्या अंतराने परत. ग्लीसन चढला की उपचार. यात खरी परीक्षा शिस्तीची असते. पहिली दोन वर्षं लोक नियमित येतात, मग मुलीचं लग्न, ऊसतोड, गुडघ्याचं ऑपरेशन असं काहीतरी निघतं, आणि तीन वर्षांनी माणूस उगवतो तेव्हा पीएसए कुठल्या कुठे गेलेला असतो. तारीख पाळणार नसाल तर मी स्वतःच उपचार घ्या म्हणेन.

मात्र हे सगळं एका गोष्टीवर टांगलेलं आहे, आणि ती तुमच्या पत्रात नाही. ती रात्रीची गोळी कुठली? पाकीट आणा, मागचा बारीक छापा वाचा. त्यात फक्त टॅम्सुलोसिन (लघवीची वाट सैल करणारं औषध) असेल तर ठीक. पण ग्रंथी आकसवणारं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड असेल (बहुतेक वेळा ते टॅम्सुलोसिनसोबत एकाच गोळीत असतं) तर सहा महिन्यांनंतर ती पीएसए निम्म्यावर आणते. म्हणजे तुमचा ६.९ हा ६.९ नाही, १३.८ च्या आसपास धरायचा. पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागलं की ०.१३ येतो, जो ०.१५ च्या आत म्हणून दिलासा देणारा. आकडा दुप्पट धरला तर तोच ०.२६ च्या वर जातो, आणि पीएसएही दहाच्या वर. मग तुम्ही ‘कमी धोक्या’च्या रांगेत बसत नाही. एका पट्टीवरच्या छोट्या अक्षरांवर एवढा फरक पडतो आणि घाईच्या दहा मिनिटांत हे विचारायचं राहून जातं.

दुसरं, एमआरआय करा. बायोप्सीने आत रक्त साचतं, ते चित्र बिघडवतं, म्हणून आणखी महिनाभर जाऊ द्या. स्टेंट आहे म्हणून एमआरआय होत नाही हा गैरसमज. साखर आहे, तेव्हा आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघतील. बारा तुकडे म्हणजे बारा सुया. पुढच्या बाजूची गाठ त्यांना चुकू शकते. एमआरआयमध्ये पाचपैकी चार किंवा पाच गुणांची संशयास्पद जागा दिसली तर तिथला तुकडा घ्यावा लागेल, आणि तेव्हा ग्लीसन सहाचे सात होऊ शकतात. तिसरं, बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळे लॅबकडून मागून घ्या, ते तुमचे आहेत, आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात गेलात तर ते काचा मागतातच.

पेट स्कॅन? ग्लीसन ६ आणि पीएसए खरोखरच दहाच्या आत असेल तर नको. पैसे वाचवा.

आता समजा सगळं जुळलं आणि तरीही तुम्हाला उपचारच हवा आहे. तोही चुकीचा निर्णय नाही, झोप न लागणं हाही त्रासच. मग बघू.

शस्त्रक्रियेत अख्खी ग्रंथी निघते, आठवडाभर लघवीची नळी राहते. त्याच इंग्लंडच्या अभ्यासात सहा महिन्यांनी शंभरांतले ४६ जण लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७. लैंगिक क्षमतेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तुमच्या पिढीतलं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. सुरुवातीला शंभरांतल्या ६७ जणांना पुरेसा ताठरपणा होता, शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी तो १२ जणांतच उरला. तुम्हाला साखर आहे, आज काय स्थिती आहे ते प्रामाणिकपणे लिहून ठेवा. जे आधीच नाही ते गेल्याचं दुःख नको, आणि जे आहे ते न सांगता जायला नको. मंडळींशीही बोला, हा दोघांचा प्रश्न आहे. रोबोटचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रोबोट आणि जुनी उघडी शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं, पण दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता सारखीच निघाली. म्हणून यंत्राऐवजी हाताची चौकशी करा. सर्जनला सरळ विचारा, ‘वर्षाला अशा किती करता? त्यांतले किती वर्षाने कोरडे असतात?’ चांगला सर्जन चिडत नाही. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र हृदयवाल्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मुलीचा शेकही तोडीस तोड आहे. पूर्वी सात-आठ आठवडे लागायचे, आता चार आठवड्यांत वीस वेळा, काही ठिकाणी पाच वेळांतही भागतं. रोज दहा-पंधरा मिनिटं, दुखत नाही. पॅडची वेळ क्वचित येते. त्रास होतो तो शौचाचा, सारखी भावना होणे, काहींना पुढे रक्त पडणे. मुंबईला राहायचं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी करा. पण शेकासाठी मुंबईच गाठली पाहिजे असं नाही, बार्शी, मिरज, कोल्हापूरलाही सोय आहे. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. एक लक्षात ठेवा : शस्त्रक्रियेनंतर आजार उलटला तर शेक देता येतो, शेकानंतर शस्त्रक्रिया करायची तर फार अवघड जातं.

मी तुमच्या जागी असतो, आणि त्या पाकिटावर नुसतं टॅम्सुलोसिन निघालं असतं, एमआरआय स्वच्छ आला असता, तर मी कॅलेंडर भिंतीवर लावून नजर ठेवली असती. पाकिटावर दुसरं नाव निघालं तर आधी मला पुन्हा लिहा, पैसे नंतर भरा. मुलगा-मुलगी दोघांना पुढच्या भेटीला सोबत न्या, पण डॉक्टरांशी बोलणं तुमचं तुम्हीच करा.

प्रश्न : यजमानांचं (वय ६४) प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. कॅन्सर पूर्ण काढला म्हणतात, पण खोकलं, हसलं की लघवी होते. दिवसाला चार पॅड लागतात. ते नातवाच्या मुंजीलाही यायला तयार नाहीत. हे असंच राहणार का? – एक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, सात आठवड्यांना चार पॅड म्हणजे घाबरण्यासारखं नाही. सुधारणा वर्षभर होत राहते. गुदद्वाराभोवतीचा जो स्नायू वात अडवताना आवळतो, तोच आवळायचा. पोट आणि मांड्या ढिल्या. पाच सेकंद आवळून पाच सेकंद सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच धार तोडून हा व्यायाम करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं, ही सवय लावून घेतली की निम्मी ओल तिथेच थांबते. पाणी कमी पिऊ नका, चहा-कॉफी कमी करा. वर्षानंतरही बरेच पॅड लागत असतील तर त्यावर शस्त्रक्रिया आहे, पण ती आत्ता डोक्यात नको. जळजळ, ताप किंवा धार बारीक होत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. ऑपरेशननंतरचा पहिला पीएसए केलाय का? तो जवळजवळ शून्य यायला हवा, रिपोर्ट मागून घ्या. मुंजीला गडद रंगाची पँट, खिशात दोन जास्तीचे पॅड आणि कार्यालयात दाराजवळची खुर्ची. यायला सांगा.