मोरचूद (म्हणजे निळं कॉपर सल्फेट) तापवल्यावर पांढरं होतं, पाणी घातल्यावर पुन्हा निळं होतं. मग हा बदल भौतिक की रासायनिक?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या नववीतल्या मुलीने ‘पूर्ववत होतो म्हणून भौतिक बदल’ असं उत्तर दिलं आणि गुण गेले. उत्तर आहे रासायनिक. पण चूक तिची कमी, तिला पाठ करून घेतलेल्या त्या वाक्याची जास्त. नारळ फोडला की तो पुन्हा अखंड होत नाही, म्हणून काय नारळ फोडणं हा रासायनिक बदल होतो? आणि घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी रोज उतरते, रोज चढते, आत मात्र प्रत्येक वेळी रासायनिक क्रियाच चाललेली असते. परत फिरता येतं का, हा प्रश्नच बाजूला ठेवायचा. विचारायचं एवढंच, की पदार्थ तोच राहिला की दुसरा झाला.

मोरचुदाचा खडा खलात कुटून बघा. मोराच्या मानेसारखा गर्द निळा खडा कुटता कुटता फिकट होत जातो, अगदी बारीक भुकटी तर जेमतेम निळसर दिसते. रंग बदलला म्हणून मुलं हमखास ‘रासायनिक’ लिहून मोकळी होतात. पण इथे काहीच घडलेलं नसतं. कण बारीक झाले, उजेड आत खोलवर न शिरता वरच्यावर विखुरतो, एवढंच. हा खरा भौतिक बदल.

आता तापवण्याकडे येऊ. मोरचुदाच्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. हे पाणी ओल्या कपड्यातल्यासारखं नुसतं अडकलेलं नसतं. त्यातले चार रेणू थेट तांब्याच्या आयनाला (विद्युतभार असलेल्या अणूला) बंधाने जोडलेले असतात आणि तो निळा रंग त्या जोडणीतूनच येतो. 100 ग्रॅम मोरचूद घेतलं तर त्यात 36 ग्रॅम पाणीच असतं, हाताला मात्र खडा कोरडा ठणठणीत लागतो. तापवलं की पाणी टप्प्याटप्प्याने सुटतं. शेवटचा रेणू सर्वांत चिवट, तो 200 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. मागे 64 ग्रॅम पांढरी भुकटी उरते. बंध तुटले, स्फटिकाची रचना मोडली, घटकांचं प्रमाण बदललं. एका पदार्थाचे दोन पदार्थ झाले, निर्जल (पाणी निघून गेलेलं) कॉपर सल्फेट आणि पाणी. परीक्षेत हेच लिहायला सांगा, आणि सोबत समीकरण: CuSO₄·5H₂O → CuSO₄ + 5H₂O.

(प्रयोग करताना परीक्षानळीचं तोंड किंचित खाली झुकवून धरायचं असतं. तोंडाशी जमलेले थेंब मागे ओघळून तापलेल्या बुडाला लागले की काच तडकते. मी एक नळी अशीच घालवली आहे.)

शंका उरलीच असेल तर नळी गार झाल्यावर त्या पांढऱ्या भुकटीवर ड्रॉपरने दोन-तीन थेंब पाणी टाकून नळीला बाहेरून हात लावा. भुकटी निळी होतेच, पण नळी चांगली गरम लागते. नवे बंध जुळताना ही उष्णता बाहेर पडते. स्पिरिटमध्ये पाणी मिसळलंय का, हे प्रयोगशाळेत याच भुकटीने ओळखतात.

कॉलेजात मी अतिउत्साहाने हीच भुकटी बर्नरवर तापवत राहिलो. ती काळी पडली, घशाला झोंबणारा धूर निघाला आणि सगळे खिडक्यांकडे पळाले. त्या आचेला सल्फेटच फुटून काळा कॉपर ऑक्साइड उरतो. त्यावर बादलीभर पाणी ओता, निळं काही होत नाही. हाही रासायनिकच, फक्त याला पाण्याने परतता येत नाही.

माझं हे सगळं शिक्षण खरं तर शाळेच्या आधी झालं. आमची तासगावकडे द्राक्षबाग. केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण घरीच करायचो: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद रात्रीच फडक्यात बांधून पिंपात वरच्या वर लोंबकळत ठेवायचं, म्हणजे जड द्रावण खाली उतरत राहतं आणि सकाळपर्यंत पुरचुंडी रिकामी होते. चुना वेगळा विझवायचा आणि मग दोन्ही द्रावणं एकदम तिसऱ्या पिंपात ओतायची. आरपार दिसणारं निळं पाणी क्षणात आकाशी, दाट, ताकासारखं गढूळ होतं. आप्पा मग विळ्याचं पातं त्यात बुडवून धरत. पात्यावर तांबूस चढलं की म्हणत, “चुना कमी पडला.” लोखंड द्रावणात उतरतं आणि तेवढं तांबं पात्यावर बसतं, म्हणजे मोकळं मोरचूद अजून शिल्लक आहे आणि अशी फवारणी पानं जाळते. एकदा मी शहाणपणा करून लोखंडी घमेल्यात मोरचूद भिजवलं. घमेल्याला आतून तांब्याचा मुलामा चढला आणि मला दिवसभर बोलणी बसली.

फ्रान्समधल्या बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर असंच मिश्रण मारत, ते द्राक्षं चोरणाऱ्यांना घाबरवायला. त्या वेलींची पानं रोगातही टिकलेली वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देच्या नजरेस पडली आणि 1885 साली त्याने हे औषध जाहीर केलं. असो, विषयांतर झालं.

पाण्यात मोरचूद विरघळणं, हे मात्र अवघड जागेचं दुखणं. शाळेत भौतिक मानतात, तसंच लिहू द्या. आतमध्ये आयन सुटे होऊन पाण्याशी नव्याने बंध जोडतात, त्यामुळे सीमारेषा तिथे पुसट आहे. नववीच्या पेपरात तो वाद उकरू नये.

मुलीला घरी दाखवायचं असेल तर काचेच्या जुन्या पेल्यात फिकट द्रावण करून घासून चकचकीत केलेला खिळा अर्धा तास बुडवा, विळ्याच्या पात्यासारखंच त्यावर तांबं चढेल. मोरचूद विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकाची भांडी नकोत आणि नंतर हात साबणाने धुवा. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात मूठभर खिळे टाकून निळा रंग पूर्ण जाईपर्यंत ठेवा, तांबं आपोआप तळाशी बसतं.