ऑटोकॅडमध्ये संदर्भरेषा कशा काढू, म्हणजे प्रिंटमध्ये येणार नाहीत? (गिरगावातल्या जुन्या चाळीचा प्लॅन आहे)

एक्सलाइन कमांड वापरा, शॉर्टकट एक्सएल. दोन्ही बाजूंना अनंत जाणारी रेषा मिळते; आडवीसाठी एच, उभीसाठी व्ही. पण जुन्या चाळीत काटकोन सापडला तर नवलच! म्हणून एक्सएल, मग ए (कोन), मग आर (संदर्भ). रस्त्याकडची भिंत निवडा, कोन 0 द्या आणि क्लिक करत जा. प्रत्येक रेषा त्या भिंतीला समांतर पडेल. कोन 90 दिला की लंब.

प्रिंटचं सोपं आहे. या रेषांना वेगळा लेयर, म्हणजे चित्राचा स्वतंत्र थर, द्या आणि लेयर प्रॉपर्टीजमध्ये त्याच्या ओळीतल्या प्रिंटरच्या चिन्हावर क्लिक करून प्लॉट, म्हणजे छपाई, बंद करा. पुष्कळजण डेफपॉइंट्स लेयर वापरतात. तोही छापला जात नाही, पण तो डायमेन्शनच्या (मापांच्या) बिंदूंसाठी आहे, तिथे गर्दी नको.

झूम एक्स्टेंट्स (सगळं चित्र स्क्रीनवर मावेल असं दाखवणारी कमांड) या रेषा मोजत नाही, त्यामुळे काम करताना त्या बिनधास्त राहू द्या.