लक्ष गेलं, पण लक्षात आलं नाही

प्रश्न असा आलाय की मेंदूविज्ञानावरचा एक लेख मराठीत करताना 'अनकॉन्शस प्रोसेसिंग' आणि 'अटेन्शन' यांना काय म्हणायचं. विचारणाऱ्यांनी स्वतः केलेलं वाक्य पण दिलंय: "मेंदूची बेशुद्ध प्रक्रिया ध्यानाशिवाय होऊ शकते का?" आणि बेशुद्ध नको असेल तर अबोध, अचेतन, अवचेतन, अंतर्मन यातलं काय घेऊ असं विचारलंय.

बेशुद्ध तर आधी काढाच. बेशुद्ध माणूस पडतो, मग त्याच्या तोंडावर पाणी मारतात, कोणीतरी कांदा हुंगवतं. प्रक्रिया काही अशी पडत नाही. मराठीत शुद्ध हरपते, माणूस शुद्धीवर येतो, म्हणजे हा सगळा मामला जागं असण्या-नसण्याचा झाला. त्यावरही वेगळं संशोधन आहे. 2006 मध्ये केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांच्या टीमने अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या 23 वर्षांच्या एका बाईला स्कॅनरमध्ये ठेवून 'टेनिस खेळताय अशी कल्पना करा' असं सांगितलं, तर तिच्या मेंदूचे तेच भाग कामाला लागले जे धडधाकट माणसात लागतात. तिथे 'शुद्ध' हा शब्द चपखल बसतो, कारण प्रश्नच तो आहे की ही बाई शुद्धीत आहे की नाही. तुमच्या लेखातला माणूस मात्र टक्क जागा आहे, प्रयोगाच्या आधी चहाबिहा पिऊन बसलाय, फक्त त्याच्या डोक्यात काय चाललंय त्यातलं काही त्याला कळत नाहीये.

आता 'कळत नाहीये' हे मी सहज लिहून गेलो ना, तर तुमचा शब्द तिथेच आहे: नकळत. यापेक्षा चांगला मला तरी सुचत नाही. बाकीचे चारही शब्द कुठे ना कुठे उष्टे झालेत. अबोध म्हटलं की मनोविश्लेषणवाला फ्रॉइड तरी आठवतो नाहीतर 'अबोध बालिका' तरी, अचेतन म्हणजे रोजच्या मराठीत निर्जीव वस्तू, दगडधोंडा. अवचेतन हिंदीतून आलेला वाटतो. आणि अंतर्मनाची तर पार वाट लागलीय, 'अंतर्मनाच्या ताकदीने पैसा खेचा' टाइप पुस्तकांनी. (असल्या दाव्यांची एक गमतीशीर गोष्ट आहे. 1957 मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने सांगितलं की सिनेमा चालू असताना क्षणभर, दिसणारही नाही असा 'पॉपकॉर्न खा'चा मेसेज दाखवला आणि विक्री वाढली, सगळीकडे बोंबाबोंब झाली, आणि 1962 मध्ये त्यानेच कबूल केलं की त्यात दम नव्हता.)

नकळतची अडचण एकच, ते क्रियाविशेषण आहे, नामाला चिकटवलं की दगा देतं. 'नकळत प्रक्रिया' हे सरकारी पत्रकासारखं वाटतं. म्हणून वाक्यच क्रियापदावर फिरवा: मेंदू आपल्या नकळत अमुक करतो. त्यातही 'कोणाच्या नकळत' हे लिहावं लागतं बरं का, नाहीतर घोटाळा होतो. 'माझ्या नकळत त्याने पाकीट मारलं' यात करणारा दुसरा आणि न कळणारा मी. 'नकळत हसू आलं' यात सगळं माझ्यातच. मेंदूचं प्रकरण यांच्या मधलं आहे, करणारा माझाच मेंदू आणि न कळणारा मी, म्हणजे घरातल्याच माणसाने पाकीट मारल्यासारखं. नाम हवंच असेल तर 'नेणीव' घ्या. जाणीव-नेणीव ही जोडी मराठीत फार जुनी आहे, हरिपाठातसुद्धा दोन्ही शेजारी शेजारी येतात, हा काही कोणी ऑफिसात बसून बनवलेला शब्द नाही.

आता अटेन्शन. 'ध्यान' नको, ते हिंदीत चालतं. मराठीत ध्यानाला एकतर बसतात, नाहीतर 'काय ध्यान आहे!' म्हणतात. ध्यानात ठेवणे, ध्यानीमनी नसताना हे आहेच, पण एकटा 'ध्यान' शब्द वाचणाऱ्याला पद्मासनात नेऊन बसवतो. सरळ 'लक्ष' म्हणा. आणि लक्षला जी क्रियापदं लागतात ती बघाच एकदा, मला तर हे सापडल्यावर फार मजा आली होती. आपण लक्ष 'देतो' किंवा 'ठेवतो', ते मुद्दाम. लक्ष 'जातं' किंवा कोणीतरी 'वेधून घेतं', ते आपोआप. मानसशास्त्रात हे दोन वेगळे प्रकार मानतात, आपण ठरवून वळवलेलं लक्ष आणि बाहेरच्या गोष्टीने खेचलेलं लक्ष, आणि त्यांना तिकडे लांबलचक नावं आहेत, आपल्याकडे नुसतं क्रियापद बदललं की काम झालं. आणि तिसरं म्हणजे 'लक्षात येणं', ते या दोन्हीच्या पुढचं, तिथे कळणं सुरू होतं.

'अवधान' हा शब्द पुस्तकी वाटतो पण टाकू नका. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. आणि शुभमंगल 'सावधान' म्हणजे तरी काय, अवधानासह, लक्ष असू द्या. (समर्थ रामदास तो शब्द ऐकून बोहल्यावरून पळाले अशी आख्यायिका आहे, बाकी मंडपात तो शब्द सगळ्यांच्याच कानावर पडला असणार.) सावधानचं सावध झालं, त्याला फारसी 'बे' लागून बेसावध झालं, आणि याच अवधानाला 'अन' लागून 'अनवधानाने' तयार झालं.

इथेच मुख्य मुद्दा आहे. आपण 'नकळत चूक झाली' आणि 'अनवधानाने चूक झाली' हे एकाच अर्थाने वापरतो, माफी मागताना काही बिघडत पण नाही. लेखात मात्र बिघडतं. नकळत म्हणजे कळलं नाही, अनवधानाने म्हणजे लक्ष नव्हतं. दोन्ही बहुतेक वेळा बरोबर येतात म्हणून एकच वाटतात, पण गेली काही दशकं या संशोधनातला मोठा वाद हाच आहे की लक्ष आणि जाणीव एकच का दोन. 2007 मध्ये ख्रिस्टोफ कॉख आणि नाओत्सुगु त्सुचिया यांनी तर एक पेपर लिहून स्पष्ट म्हटलं की या मेंदूतल्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. सगळ्यांना ते पटलंय असं नाही.

अनवधानाचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गोरिला. 1999 मध्ये सायमन्स आणि शॅब्री यांनी लोकांना व्हिडिओत बॉलचे पास मोजायला लावले, मधून गोरिलाचा ड्रेस घातलेली व्यक्ती निवांत चालत गेली आणि साधारण निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. 2013 मध्ये तर रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि स्कॅनमध्येच गोरिलाचं छोटं चित्र घुसवलं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं, आणि 24 पैकी 20 जणांनी ते पाहिलं नाही. 'पाहिलं नाही' म्हणतोय खरा, पण बऱ्याच जणांची नजर नेमकी त्या जागेवर पडलेली होती, हे डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदीत सापडलं. म्हणजे नजर पडली पण दिसलं नाही. या प्रकाराला 'अनवधानजन्य अंधत्व' असं कुठेतरी वाचलं, कृपया नको, 'लक्ष नसल्याने न दिसणं' लिहा, चार शब्द जास्त गेले तर जाऊ देत.

कानाचंही तसंच. 1953 मध्ये कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडली आणि एकाच कानातलं मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात इंग्रजीचं जर्मन झालं तरी लोकांना पत्ता नाही. पण 1959 मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुसऱ्या कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं तर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. म्हणजे लक्ष नसलेल्या कानातलंही मेंदू थोडंफार चाळत असतो, नाहीतर नाव निवडणार कसं? मराठीत इथे 'कानावर पडणं' आणि 'ऐकणं' हा फरक तयारच आहे, तो वापरा. आमच्या घरी रोज हा प्रयोग होतो, मी मोबाइलमध्ये घुसलेला असतो आणि आतून आवाज येतो, 'किती झाल्या रे शिट्ट्या?' आणि मी न मोजताच 'तीन' म्हणतो. बहुतेक वेळा बरोबर असतं. एकदा नव्हतं, त्या दिवशी वरणाचं पिठलं झालं.

नकळतचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइस्क्रँट्झ यांनी तपासलेला, डी.बी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा पेशंट, ऑपरेशनमध्ये उजवीकडचा दृष्टीचा भाग काढल्यामुळे त्याला नजरेच्या डाव्या अर्ध्यात काही दिसत नव्हतं. त्या बाजूला दिवा लावून 'अंदाजाने बोट दाखव' म्हटलं की बोट बऱ्यापैकी बरोबर जायचं, रेघ उभी का आडवी हेही सांगायचा, आणि वर म्हणायचा मी तर नुसता अंदाज मारत होतो. हे 1974 मध्ये छापून आलं. इंग्रजीत याला ब्लाइंडसाइट म्हणतात, अंधदृष्टी असं भाषांतर होतं, ठीक आहे. पण मराठी वाक्यरचनाच इथे जास्त सांगून जाते. मी बघतो, पण 'मला' दिसतं, 'मला' कळतं, 'मला' आठवतं. डी.बी.चं बोट बरोबर जात होतं, 'त्याला' मात्र दिसत नव्हतं. तो 'ला' तेवढा गेला होता.

आणि आता तुमच्या वाक्याकडे, कारण त्याचं उत्तर देणारे प्रयोग झालेत. असाच दुसरा एक पेशंट, जी.वाय. 1999 मध्ये केंट्रिज आणि मंडळींनी त्याच्या आंधळ्या भागात टार्गेट कुठे येणार याची आधी खूण दिली, तर त्या जागच्या टार्गेटला तो जास्त पटकन उत्तर द्यायचा, आणि टार्गेट दिसलं असं मात्र त्याला वाटायचं नाही. लक्ष गेलं, पण लक्षात आलं नाही. मग 2002 मध्ये नकाश, ब्लँडिन आणि देहेन यांनी धडधाकट लोकांना, दिसणारच नाहीत इतक्या थोड्या वेळासाठी आकडे दाखवले. पुढच्या आकड्याला उत्तर देताना या न दिसलेल्या आकड्याचा परिणाम होतो हे आधीच माहीत होतं, पण यांना सापडलं ते असं की त्या क्षणी लक्ष तिकडे लावलेलं असेल तरच तो परिणाम होतो, नाहीतर नाही.

म्हणजे 'नकळत आहे म्हणजे लक्षाची गरज नाही' हे गृहीत धरता येत नाही, निदान या प्रकारच्या कामात तरी. मोरेंच्या प्रयोगातलं नाव उलट दिशेला ओढतं, म्हणून लेखात 'होतं' किंवा 'होत नाही' असं ठोकून लिहू नका. वाक्य मी असं करेन: "आपल्या नकळत मेंदू जे काम करतो, त्यालाही लक्ष लागतं का?" 'लागतं'चे दोन अर्थ होतात, गरज असते आणि लक्ष लागणं, हे माझ्या लक्षात आलंय, पण दोन्ही अर्थांनी वाक्य बरोबरच आहे त्यामुळे राहू दे. आणि लेखात पुढे कुठे 'अनवधानाने' आलं असेल तर तिथे खरंच लक्ष नव्हतं ना एवढं तपासा, नाहीतर तिथेही नकळतच टाका.