टोपणनावाच्या आधी नंबर झाकावा लागतो

आपला प्रश्न असा आहे: स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार असलेल्या शुभार्थींच्या, म्हणजे रुग्णांच्या, काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी, म्हणजे शुभंकरांसाठी, आपल्याला व्हॉट्सॲपवर आधारगट सुरू करायचा आहे. सांगली, लातूर आणि पुणे या भागांतील तीसेक जण त्यात येणार आहेत. कोणाचीही ओळख उघड होऊ नये म्हणून, नावे तयार करून देणाऱ्या एका संकेतस्थळावरून प्रत्येकासाठी काल्पनिक नाव काढायचे ठरले आहे, आणि एवढे पुरेल का असे आपण विचारले आहे. हे पुरणार नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते आहे, कारण असाच एक गट मी काही वर्षे चालवला आणि सुरुवातीला नेमके हेच केले होते.

आमच्या गटात सर्वांची टोपणनावे होती, छायाचित्र कोणीही लावलेले नव्हते, आणि आपण सुरक्षित आहोत असे मी सर्वांना मनापासून सांगत होते. पुढे एका माहितीपुस्तिकेच्या छपाईसाठी वर्गणी जमवायचे ठरले, ती एका ताईंनी स्वीकारायची होती, आणि पैसे पाठवण्यासाठी एका सदस्याने त्यांचा नंबर यूपीआयच्या ॲपमध्ये टाकताच बँकेतील त्यांचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, पडद्यावर आले. त्यांच्या मुलाच्या लग्नाची बोलणी त्याच तालुक्यात सुरू होती. त्या दुसऱ्या दिवशी गट सोडून गेल्या, आणि जी बाई आठवड्यातून एकदा तरी मोकळेपणाने लिहीत असे तिचा आधार माझ्या अपुऱ्या माहितीमुळे तुटला, हे मला आजही बोचते.

आपल्याकडे मोबाइल नंबर हीच माणसाची ओळख झाली आहे. सिमकार्ड ओळखपत्रावर मिळते, बँकेचे खाते त्याच नंबराशी जोडलेले असते, आणि ट्रूकॉलरसारख्या ॲपमध्ये तो नंबर टाकला की नावही समोर येते. त्यामुळे ‘अबोली’ किंवा ‘बकुळ’ अशा टोपणनावाच्या शेजारी दहा आकडी नंबर दिसत असेल, तर ते टोपणनाव असून नसल्यासारखे आहे.

आता ॲपच्या निवडीकडे येते, कारण खरा निर्णय तेथे आहे. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून सर्व संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मजकूर पाठवणाऱ्याच्या आणि मिळवणाऱ्याच्या फोनखेरीज वाटेत कोठेही वाचता येत नाही. मात्र त्याच्या साध्या गटात प्रत्येक सदस्याला इतरांचे नंबर दिसत आले आहेत, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे. कम्युनिटी, म्हणजे अनेक गट एकत्र जोडण्याची व्हॉट्सॲपची सोय, तिच्या घोषणागटात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, परंतु तेथे नवा संदेश लिहिण्याचा अधिकार व्यवस्थापकांकडे असतो, त्यामुळे परस्परांशी बोलण्याचा आपला हेतू साधत नाही. टेलिग्रामची स्थिती उलट आहे: तेथे नंबर कोणालाही दिसू नये अशी सोय आहे, पण गटातील संभाषण एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसते आणि ते कंपनीच्या सर्व्हरवर साठते. ती सुरक्षा फक्त दोघांमधील ‘सीक्रेट चॅट’ला आहे, आणि पुष्कळ जण ही गोष्ट जाणून न घेता टेलिग्रामला सर्वांत खासगी ॲप समजतात. जेथे कोणी आपल्या भावाच्या औषधांविषयी आणि आत्महत्येच्या विचारांविषयी लिहिणार आहे, तेथे मी टेलिग्राम सुचवणार नाही.

मी सिग्नल हे ॲप सुचवते. तेथे गटातील मजकूरही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या युजरनेमच्या सोयीमुळे नंबर न सांगताही संपर्क साधता येतो. हे युजरनेम म्हणजे आपण निवडलेला शब्द आणि त्यामागे किमान दोन आकडे, आणि ते केवळ पहिल्या संपर्कापुरते असते. गटात जे दिसते ते प्रोफाइलवरील नाव होय, आणि टोपणनाव तेथे लिहायचे असते. खाते उघडायला नंबर लागतोच, म्हणून कंपनीकडे तो असतो. परंतु २०१६ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयीन आदेशानंतर सिग्नलला एका खात्याची माहिती द्यावी लागली, तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले या दोनच गोष्टी त्यांना देता आल्या, कारण त्याहून अधिक ते साठवतच नव्हते. ‘आम्ही माहिती जपू’ या कोणत्याही आश्वासनापेक्षा मला ही रचना अधिक भरवशाची वाटते.

सिग्नलच्या खासगीपणाच्या सेटिंगमध्ये नंबराविषयी दोन वेगळे पर्याय आहेत आणि लोक पहिला पाहून थांबतात. पहिला पर्याय, माझा नंबर कोणाला दिसावा, हा मुळातच ‘कोणालाही नाही’ असा असतो. दुसरा पर्याय, नंबरावरून मला कोण शोधू शकेल, हा मात्र आपण स्वतः ‘कोणीही नाही’ असा करावा लागतो, नाहीतर ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर आहे त्यांना आपण सिग्नलवर असल्याचे कळते. प्रत्येक सदस्याशी फोनवर बोलून, त्याच्या हाताने हे दोन्ही पर्याय तपासून घ्यावेत, केवळ सूचना लिहून पाठवल्यास निम्मे लोक ते करत नाहीत असा माझा अनुभव आहे.

एवढे करूनही एक फट उरते. ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर आधीपासून साठवलेला आहे, त्याला तो दिसत राहू शकतो. म्हणून एकाच गावचे, एकाच शाळेतील किंवा एकाच दवाखान्यात भेटणारे दोघे आपल्या तीस जणांत आहेत का, हे गट जोडण्यापूर्वी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून पाहावे. असतील तर त्यांना तसे स्पष्ट सांगून निर्णय त्यांच्यावर सोपवावा. शिवाय सिग्नलवर एका खात्याला एकच प्रोफाइल असते, त्यामुळे घरची मंडळी सिग्नलवर असतील तर हे टोपणनाव त्यांच्याही नजरेस पडू शकते, याची कल्पना सदस्यांना आधीच द्यावी. दुसरे सिम घेणे शक्य असेल तर उत्तम, पण ते स्वतःच्याच नावावर घ्यावे. फसवणुकीने दुसऱ्याच्या ओळखपत्रावर सिम घेणे हा गुन्हा आहे. केवळ टोपणनाव घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, मात्र दुसऱ्या व्यक्तीचे रूप घेऊन कोणाची फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागू होते.

आता नावांच्या संकेतस्थळाविषयी. अशी बहुतेक साधने एका यादीतून नाव आणि दुसऱ्या यादीतून आडनाव उचलून जोडतात. काही साधने अक्षरांचे क्रम पाहून नवीच नावे घडवतात, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषिक मॉडेलांचा वापर होऊ लागला आहे. भारत म्हटले की त्यातील अनेकांना सारे एकच वाटते, म्हणून ‘अन्विता अय्यर’ किंवा ‘रेयांश चॅटर्जी’ अशी नावे निघतात, आणि लातूरच्या गटात असे नाव झाकण्याऐवजी उठून दिसते. काही साधने नावासोबत पत्ता आणि फोन नंबरही देतात. तो नंबर कोठेही लिहू नये, कारण ६ ते ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर बनावट म्हणून निघाला तरी तो कोणा खऱ्या माणसाचा असू शकतो. जन्मतारीख, जन्मवेळ किंवा खरे नाव मागून त्यावरून ‘जुळणारे’ नाव देणाऱ्या साधनांपासून दूर राहावे. आणि सर्वांची खरी नावे एका रकान्यात व काल्पनिक नावे दुसऱ्यात अशी यादी कोणत्याही संकेतस्थळावर किंवा ऑनलाइन तक्त्यात करू नये. तशी यादी मुळात करूच नये, प्रत्येकाने आपले नाव आपण निवडावे.

निवडताना आडनाव पूर्णपणे टाळावे. आपल्याकडे आडनावावरून जात, प्रदेश आणि कधी कधी थेट गावच कळते, आणि ‘कर’ लावून एखादे आडनाव घडवले तरी त्या नावाचे गाव आणि ते आडनाव लावणारे कुटुंब बहुधा असतेच. पहिले नावही वय सांगते: कुसुम म्हटले की आजी डोळ्यांसमोर येते, सुनीता म्हटले की साठीकडे झुकलेली बाई, आणि अन्वी म्हटले की शाळकरी मुलगी. आम्ही शेवटी झाडाफुलांची नावे घेतली, म्हणजे पळस, बहावा, पांगारा, कांचन, बकुळ, आणि ती सर्वांना आवडली.

त्यातून एक गोष्ट लक्षात आली, जी परदेशी साधनांच्या मार्गदर्शनात सापडण्यासारखी नाही. मराठीत क्रियापदच बोलणाऱ्याची ओळख सांगते. ‘मी रात्रभर जागी होते’ असे लिहिताच बहावा ही स्त्री आहे हे कळते, आणि ‘करून राहिलो’ असे कोणी लिहिले की विदर्भ कळतो. कोल्हापूरकडच्या कित्येक स्त्रिया सहज ‘मी आलो’ म्हणतात, तेव्हा प्रदेश तर कळतोच, शिवाय वाचणाऱ्याचा लिंगाविषयीही गोंधळ होतो. यावर मी कोणाला भाषा बदलायला सांगितले नाही, कारण दुःख आपल्याच बोलीत सांगता आले पाहिजे. मी एवढेच सांगितले की डॉक्टरांचे नाव, रुग्णालय, गाव आणि नातेवाइकांची नोकरी लिहू नये. बोली आणि रुग्णालय हे दोन तपशील एकत्र आले की माणूस ओळखता येतो, केवळ बोलीवरून ते कठीण असते.

मालतीबाई बेडेकर यांनी १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने कथा प्रसिद्ध केल्या, तेव्हा वादळ उठले आणि ही लेखिका कोण याची मोठी चर्चा झाली. नाव कितीही चांगले असले तरी असे गुपित ज्यांना ठाऊक असते त्यांच्या मौनावरच टिकते. आपल्या गटातही स्क्रीनशॉट काढून बाहेर पाठवण्यापासून कोणतेही ॲप कोणाला रोखू शकणार नाही. म्हणून गटात घेण्यापूर्वी प्रत्येकाशी किमान अर्धा तास बोला, ‘येथील शब्द बाहेर नेणार नाही’ असे त्याच्या तोंडून वदवून घ्या, संदेश आपोआप नाहीसे होण्याची मुदत एक आठवड्याची ठेवा, गटात येण्याच्या दुव्याला व्यवस्थापकाची मंजुरी लावा, आणि वर्गणी गोळा करायची वेळ आली तर ती सदस्यांनी एकमेकांना न पाठवता थेट छापखान्याच्या खात्यावर पाठवावी.