समितीत भावाला का नाही बोलावलं?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. नवी गोळी सुरू झाल्यापासून तो घरभर येरझाऱ्या घालतो, बसला तरी पाय थांबत नाहीत. डॉक्टरांना फोन केला की ‘पेशंटची माहिती गोपनीय असते’ एवढ्यावर बोलणं संपतं. आता त्याच रुग्णालयाने सेवा सुधारण्यासाठी समिती नेमली आहे आणि नातेवाईक म्हणून मला बोलावलंय. मागू तरी काय?
– एक बहीण

उत्तर: ताई, समितीचं नंतर, आधी त्या येरझाऱ्यांचं बघा. माझी सगळी नोकरी मानसोपचार वॉर्डात नर्स म्हणून गेली. असे पाय मी खूप पाहिलेत. या आजारावरच्या बऱ्याच गोळ्यांनी अशी बेचैनी येऊ शकते. तिला अकाथिसिया म्हणतात. आजारच बळावला असं वाटून कधी डोस वाढवतात, मग बेचैनी आणखी वाढते. गोळी मनाने बंद करू नका. आत काय होतंय ते भावालाच विचारा आणि गोळी सुरू झाल्याच्या तारखेसह कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. डोस कमी करणं, गोळी बदलणं, बेचैनीवरचं प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध जोडणं असे उपाय त्यांच्याकडे आहेत. जीव नकोसा झालाय असं तो बोलला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

गोपनीयता डॉक्टरांच्या तोंडाला असते, कानाला नाही. तुम्हाला काही न सांगताही ते तुमचं ऐकून घेऊ शकतात. समितीत हेच मागा: घरच्यांचं म्हणणं कोण लिहून घेणार आणि डॉक्टरांपर्यंत कधी पोचवणार? शिवाय, घरच्यांना काय सांगितलेलं चालेल, हे पेशंट बरा असताना त्याच्याकडूनच लिहून घ्यावं. गोळ्यांचं सांगा, पण माझं खासगी बोलणं नको, असं म्हणायची मुभा त्याला हवी.

भिंतींचा रंग आणि अभिप्रायाचे फॉर्म यांत बैठक जाऊ देऊ नका. (अशा बैठका रंगावरच जास्त रंगतात.) फिनलंडमध्ये तोर्नियोच्या केरोपुडास रुग्णालयात १९८४ पासून उपचारांची चर्चा पेशंट आणि घरच्यांसमोरच होऊ लागली. तुमच्याकडे निदान डिस्चार्जआधी तरी अशी एक बैठक व्हावी.

आणि भावाला का नाही बोलावलं? तुमचं-त्याचं म्हणणं एकच असेल असं धरू नका. तो दाखल झाला की तुम्हाला झोप लागत असेल, त्याला तिथे कोंडल्यासारखं वाटत असेल. पेशंट म्हणून निदान दोघं घ्या म्हणावं. एकटा माणूस डॉक्टरांपुढे गप्प बसतो. होकार कळवताना ही अट त्याच पत्रात घाला.